जमात गेली, दुकान राहिले : कोलकात्याच्या नाहूम बेकरीला भेट

दुकान कशावर चालते असे विचारले तर आपले व्यापारी बांधव बहुधा तीन गोष्टी सांगतात. जागा मोक्याची हवी, हातात भांडवल हवे आणि आपली माणसे गिऱ्हाईक म्हणून पाठीशी हवीत. यातली तिसरी गोष्टच निघून गेली तर काय होईल? ज्या मोहल्ल्याच्या भरवशावर दुकान काढले तो मोहल्लाच उठून गेला तर?

कोलकात्यात असे एक दुकान आहे. ते ज्या जमातीतून उभे राहिले ती जमात शहरातून जवळजवळ संपली आहे. कधी काळी हजारोंची वस्ती होती, आता बोटांवर मोजण्याइतकी वयस्कर माणसे उरली आहेत. दुकानाला मात्र एकशेवीस वर्षे उलटून गेली आणि डिसेंबर उजाडला की त्याच्या दारापुढे रांग लागते. दुकान एका यहुदी कुटुंबाचे. नाव नाहूम अँड सन्स. धंदा बेकरीचा.

कामानिमित्त कोलकात्याला जाणे झाले. मटियाबुर्ज येथील तयार कपड्यांचा बाजार पाहायचा होता. सोबत मुंबईचे एक बेकरीवाले स्नेही होते. मूळचे खेड तालुक्यातले, वय साठीपुढचे. आम्ही सारे त्यांना हाजीसाहेब म्हणतो. मटियाबुर्जचे काम माझे होते, नाहूम पाहण्याची ओढ त्यांची. ते म्हणाले, "भाई, कपडा तू बघ, पाव मी बघतो."

त्यांची ओढ उगीच नव्हती. त्यांच्या बेकरीपुढे सध्या दोन प्रश्न आहेत. एक भट्टीचा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेकडे वळण्याचा आदेश दिला. तेव्हापासून मुंबईतल्या जुन्या बेकऱ्यांना नव्या भट्टीच्या खर्चाची चिंता आहे आणि चवीचीही. दुसरा प्रश्न मुलाचा. मुलगा शिकला, नोकरीला लागला, भट्टीसमोर उभे राहायला तयार नाही. शंभर वर्षे टिकलेली बेकरी या दोन गोष्टींचे काय करते, हे हाजीसाहेबांना डोळ्यांनी पाहायचे होते.

बाजार आणि दुकान

नाहूमची बेकरी न्यू मार्केटात आहे. लाल विटांची ही इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा कोलकात्यात कोणीही दाखवील. हा बाजार १ जानेवारी १८७४ रोजी सुरू झाला. त्या वेळी तो मुख्यतः शहरातील इंग्रजांसाठी बांधला होता. पुढे १९०३ मध्ये नगरपालिकेचे अधिकारी सर स्टुअर्ट हॉग यांचे नाव त्याला देण्यात आले, म्हणून जुने लोक हॉग मार्केट असेही म्हणतात. डिसेंबर १९८५ च्या आगीत बाजाराचा मोठा भाग जळाला आणि पुन्हा बांधावा लागला. आज तिथे कपडा, चामड्याच्या बॅगा, फुले, मांस, मासे, सुका मेवा, चीज, जे मागाल ते मिळते. आसपासच्या रस्त्यांवर मुसलमान व्यापारी आणि कारागीर मोठ्या संख्येने आहेत. जवळच्या फ्री स्कूल स्ट्रीटला आता मिर्झा गालिब यांचे नाव आहे.

गल्ल्यांमधून वाट काढत नाहूमपाशी पोहोचलो. दुकान जुन्या वळणाचे आहे. लाकूड आणि काचेची कपाटे, त्यांत ओळीने मांडलेला माल. चकचकीत पाटी नाही, रंगीत दिव्यांचा झगमगाट नाही. आजच्या केकच्या दुकानांत जशा मोबाईलच्या किंवा मोटारीच्या आकाराच्या वस्तू दिसतात तशा इथे पाहायला येणाऱ्याची निराशा होईल. इथे गिऱ्हाईक काचेपुढे उभे राहते, बोटाने दाखवते, माल कागदी खोक्यात बांधून मिळतो.

माल दोन प्रकारचा आहे. पहिला इंग्रजी वळणाचा: फ्रूट केक, प्लम केक, लिंबाचे टार्ट, बदामाचे पदार्थ, पॅटिस, ब्राउनी. दुसरा बगदादी यहुद्यांच्या घरचा: चीज भरलेला सांबुसक, खजूर भरलेला बाबा आणि शुक्रवारी वेणी घातलेला पाव. सांबुसक हा शब्द ऐकताच हाजीसाहेब हसले. आपला समोसा आणि हा सांबुसक एकाच घरचे. फारसीतून अरबीत आणि फारसीतूनच हिंदुस्थानात, असा या शब्दाचा प्रवास आहे. हे लोक तो बगदादहून आपल्या ताटातून घेऊन आले, आपल्याकडे तो शतकांपूर्वी सुलतानांच्या दस्तरखानावर आला होता.

बगदादहून कलकत्त्याला

आपल्याकडे यहुदी म्हटले की कोकणातील बेने इस्रायल डोळ्यांपुढे येतात. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या भागात ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. नाहूम कुटुंब त्यांच्यापैकी नव्हे. ते बगदादी यहुदी. घरात अरबी बोलणारे आणि ती हिब्रू लिपीत लिहिणारे.

या बगदादी लोकांचा परिचय महाराष्ट्राला दुसऱ्या वाटेने आहे. एकोणिसाव्या शतकात बगदादचा सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचाला कंटाळून डेव्हिड सासून तिथून निघाले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. पुण्याचे ससून रुग्णालय आणि लाल देऊळ, मुंबईचा ससून डॉक या घराण्याच्या नावाने आजही उभे आहेत. डॉक बांधणाऱ्या मुलाला इंग्रज सर आल्बर्ट म्हणत. जन्मनाव अब्दुल्ला.

कलकत्त्यात ही मंडळी त्याही आधी पोहोचली होती. शालोम कोहेन नावाचा अलेप्पोचा व्यापारी १७९८ मध्ये तिथे आला. त्याच्यामागून बगदाद, बसरा, अलेप्पो येथून कुटुंबे येत राहिली. नीळ, रेशीम, अफू, पुढे ताग आणि घरांच्या मालकीत त्यांनी पैसा कमावला. एझ्रा घराण्याने शहराच्या मध्यभागी मोठमोठ्या इमारती बांधल्या, एझ्रा स्ट्रीट हे नाव त्यांचेच.

नाहूम इस्राएल मोर्देकाय हे बगदादहून आले तेव्हा या मोठ्या पेढ्यांपुढे त्यांचे भांडवल ते काय असणार! त्यांनी १९०२ मध्ये पाव आणि केक तयार करून घरोघर नेऊन विकण्यास सुरुवात केली. पुढे चौदा वर्षांनी, १९१६ मध्ये, न्यू मार्केटातील आजच्या जागेत दुकान आले.

या चौदा वर्षांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आज नवा धंदा करणारा तरुण आधी गाळा घेतो, फर्निचर करतो, उद्घाटनाला पाहुणे बोलावतो आणि मग गिऱ्हाईक शोधतो. इथे आधी गिऱ्हाईक झाले. कोणत्या घरात काय खपते, कोण रोख देतो, कोण उधार ठेवतो, हे सारे पायांनी फिरून कळले आणि मग गाळा झाला. हाजीसाहेबांचे वडीलही सायकलीवर पेटी बांधून पहाटे पाव विकत. ते म्हणाले, "आमचीही सुरुवात अशीच. फरक एवढाच की आमच्या वडिलांनी ते कुठे लिहून ठेवले नाही."

जमात गेली

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात चार-पाच हजार यहुदी होते. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा रंगूनहून पळून आलेल्या कुटुंबांचीही त्यात भर पडली. त्यांची प्रार्थनास्थळे होती, शाळा होत्या, दवाखाना होता.

नंतर वारे फिरले. १९४६ ची दंगल, १९४७ ची फाळणी, १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना. इंग्रज गेले, त्यांच्या व्यापाराशी जोडलेली पेढ्यांची घडी विस्कटली. कोणी लंडनला गेले, कोणी इस्रायलला, कोणी अमेरिका-ऑस्ट्रेलियाला. तरुण गेले की लग्ने थांबतात, लग्ने थांबली की शाळेत मुले राहत नाहीत. आज शहरात वीसएक यहुदी असतील.

सायंकाळी कॅनिंग स्ट्रीटकडे जाऊन मागेन दाविद हे त्यांचे प्रार्थनास्थळ पाहिले. एझ्रा घराण्याने ते १८८४ मध्ये बांधले. चर्चसारखा उंच मनोरा, आत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, झुंबरे, रंगीत काचा. सामुदायिक नमाजेसाठी जशी जमाअत लागते तशी यहुद्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. एवढ्या मोठ्या वास्तूत आज ते दहा जमणे कठीण झाले आहे. तिथून नाखुदा मशीद फार लांब नाही. कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी पैसा घालून तिची पायाभरणी १९२६ मध्ये केली. व्यापाऱ्यांच्या दोन जमातींनी बांधलेल्या दोन वास्तू. एकीत पाय ठेवायला जागा नसते, दुसरीत माणूस नसतो. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

गिऱ्हाईक बदलले, माल तोच

मग नाहूमचे दुकान का बंद पडले नाही? याचे उत्तर दुकानातच मिळते. काचेपुढे उभी असलेली माणसे पाहा. बंगाली हिंदू कुटुंबे, अँग्लो-इंडियन बाया, मारवाडी, बुरखा घेतलेल्या बहिणी, परगावचे प्रवासी. आपल्या जमातीचे गिऱ्हाईक जात होते तेव्हा शहराचे गिऱ्हाईक या दुकानाशी आधीच जोडले गेले होते.

सर्वांत मोठा हंगाम नाताळचा. ख्रिस्ती सणासाठी यहुद्याच्या दुकानातून केक घ्यायचा, आणि रांगेत बहुसंख्य हिंदू-मुसलमान असायचे, असे दृश्य दरवर्षी दिसते. कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी इथला फ्रूट केक खाऊन असा केक आपण खाल्ला नव्हता असे म्हटल्याची कथा कोलकात्यात सांगतात. कथा कशीही असो, ती लोकांनी जिवंत ठेवली आहे. पैसे देऊन छापलेल्या जाहिरातीपेक्षा अशी कथा जास्त वर्षे चालते.

आम्ही फ्रूट केक घेतला. हाजीसाहेबांनी तो खाण्याआधी उजेडात धरून पाहिला आणि मला दाखवला. मनुका, बेदाणे आणि सालीचे तुकडे वरपासून खालपर्यंत सारखे पसरलेले होते. त्यांनी समजावून सांगितले ते वाचकांच्याही उपयोगाचे आहे. केकमध्ये मेवा घालणे सोपे, तो वर धरून ठेवणे कठीण. मिश्रण पातळ झाले की मेवा तळाला बसतो. म्हणून मिश्रण घट्ट ठेवतात आणि मेव्याला कोरडा मैदा चोळतात. भट्टी पावासारखी तापलेली चालत नाही, मंद आच लागते आणि वेळही पावाच्या कितीतरी पट. साच्याला कागद लावला नाही तर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. अशा केकमध्ये साखर आणि मेवा भरपूर, पाणी कमी, म्हणून तो दिवसेंदिवस टिकतो आणि मुरल्यावर चव वाढते. नाताळाच्या गर्दीत बेकरीवाल्याला याचा मोठा फायदा होतो, कारण माल आधी करून ठेवता येतो. पावाला ही सवलत नाही. सकाळचा पाव संध्याकाळी अर्ध्या किमतीचा.

"हे काम घाईचे नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे शिकाऊ पोरगा महिन्याभरात पाव काढतो. हे शिकायला त्याला दोन हंगाम लागतील."

वेणीच्या पावाबद्दलही दोन शब्द. यहुदी लोक शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बात सुरू होताना हा पाव ताटात ठेवतात. त्यात अंडी असतात, पण रिवाजाप्रमाणे दूध-लोणी नसते. कारण त्यांच्या शरीअतीत मांस आणि दूध एकत्र खायला मनाई आहे, आणि हा पाव मांसाबरोबर खायचा असतो. म्हणजे बेकरीवाल्याला आपल्या पावात काय आहे हे गिऱ्हाइकाला ठामपणे सांगता आले पाहिजे. हा नियम आपल्यालाही परका नाही. आपला माणूस केक घेताना चरबी कसली आहे, मद्य घातले आहे काय, असे विचारतो, आणि विचारलेच पाहिजे. इथेही रम बॉल नावाचा पदार्थ मिळतो, नावावरूनच शंका येते, तेव्हा विचारून घ्यावे. आपल्या बेकरीवाल्यांनी मात्र यातून एक धडा घ्यावा. गिऱ्हाइकाने विचारण्याआधी मालावर लिहून ठेवा. जो सांगतो त्याच्यावर विश्वास बसतो.

भट्टीवरचे हात

आता या लेखातील मुख्य गोष्ट. गल्ला यहुदी कुटुंबाचा, पण या बेकरीत राबणारे हात मोठ्या प्रमाणावर मुसलमानांचे आहेत. काही घरांतून बापामागून मुलगा असे लोक इथे कामाला आले. आज जो केक नाहूमचा म्हणून लोक घरी नेतात, त्याचे प्रमाण, त्याची आच, त्याचा हात या कारागिरांच्या अंगात आहे.

ही गोष्ट एका दुकानापुरती नाही. कलकत्त्याच्या यहुदी घरांतून स्वयंपाकी बहुधा मुसलमान असत. कारण उघड आहे. डुक्कर दोघांनाही वर्ज्य, जनावर कापताना अल्लाहचे नाव घेणे आणि रक्त काढून टाकणे यांचे महत्त्व दोघांनाही ठाऊक. हे खानसामे यहुद्यांचे नियम इतके पक्के शिकले की मांसाच्या कालवणात दही-दूध चालत नाही म्हणून नारळाचे दूध घालू लागले. तेलात सावकाश तळून बाहेरून कुरकुरीत केलेला बटाटा, ज्याला ते आलू मकाला म्हणतात, तो याच स्वयंपाकघरातला. आलू आपला, मकाला अरबी: तळलेला.

प्रार्थनास्थळांची देखभालही मुसलमान करतात. ओडिशातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या झाडलोट, दिवाबत्ती आणि किल्ल्या सांभाळतात. यहुदी मुलींसाठी १८८१ मध्ये निघालेल्या शाळेत आज बहुसंख्य मुली मुसलमान आहेत. मुंबईकरांना याचे नवल वाटणार नाही. भायखळा-नागपाडा भागातील ससून नावाच्या शाळांतही आपलीच मुले शिकतात.

पश्चिम आशियात काय चालले आहे ते आपण सारे वाचतो. त्याचे दुःख प्रत्येकाच्या मनात आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण तिथल्या सरकारांचा हिशेब इथल्या शेजाऱ्याच्या वहीत मांडायचा नसतो, हे कोलकात्याच्या या कारागिरांनी शिकवणीशिवाय दाखवून दिले आहे. त्यांनी ना आपला दीन सोडला, ना शेजाऱ्याची किल्ली टाकली.

गल्ल्यावर कोण बसणार?

नाहूम इस्राएल यांच्यानंतर मुलगा एलियास आणि त्यानंतर त्यांचे मुलगे अशा तीन पिढ्या गल्ल्यावर बसल्या. त्यांपैकी डेव्हिड नाहूम यांना कोलकात्यातील दोन पिढ्यांनी पाहिले. म्हातारपणीही ते दुकानात येत, गिऱ्हाइकांशी बोलत. मार्च २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी बातमी दिली. बेकरीवाल्याच्या निधनाची अशी बातमी क्वचितच येते. त्यांच्यानंतर इस्रायलमध्ये राहणारे बंधू आयझॅक यांनी जबाबदारी घेतली. मालक दूर, म्हणून रोजचा कारभार दुकानातील जुन्या माणसांवर येऊन पडला, आणि ही जुनी माणसे यहुदी नव्हेत.

इथे हाजीसाहेबांचा प्रश्न उभा राहतो. मालक भट्टीपासून हजारो मैल दूर, कारागीर भट्टीपाशी. नाव एकाचे, हुन्नर दुसऱ्याचे. उद्या नावाचा धनी नको म्हणाला तर हुन्नरवाला काय करील? त्याच्यापाशी ना पाटी आहे, ना गाळा. आणि हुन्नरवाला उठून गेला तर पाटी कशावर लावायची?

याचे उत्तर आम्ही नाहूमच्या काउंटरवर विचारले नाही. परक्या घरी जाऊन वारसाचा प्रश्न विचारणे बरे दिसत नाही. पण हा प्रश्न आपल्या प्रत्येक दुकानात आहे, आणि तिथे तो विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्यासाठी

आपल्याकडे दुकान मोडते ते बहुधा तीन ठिकाणी. पहिले, बाप गेल्यावर भावांत. मिरासीचे हिस्से शरीअतने ठरवून दिले आहेत आणि ते प्रत्येकाला, बहिणींनाही, मिळालेच पाहिजेत. पण हिस्सा देणे वेगळे आणि दुकानाची वाट लावणे वेगळे. गाळ्याची, मालाची, उधारीची किंमत करून जो चालवणार आहे त्याने इतरांचे हिस्से ठरावीक मुदतीत पैशाने फेडावेत, किंवा सर्वांनी भागीदार राहून नफा घ्यावा. कागद लेखी करावा आणि तो बाप जिवंत असताना करावा. एकाच बाजारात एकाच नावाची चार दुकाने निघाली की गिऱ्हाईक चारही सोडते.

दुसरे, गिऱ्हाइकात. आपल्याच वस्तीवर चालणारे दुकान त्या वस्तीबरोबर वाढते आणि तिच्याबरोबरच बसते. इमारत पुनर्बांधणीला गेली, मोहल्ला मुंब्र्याला किंवा मीरा रोडला गेला, की गल्ल्यावर माशा. आज वस्ती भरलेली आहे तेव्हाच दुसऱ्या वस्तीचे गिऱ्हाईक जोडावे. त्यासाठी माल बदलावा लागत नाही. नाहूमने यहुद्यांचा पाव ठेवला, इंग्रजांचा केक ठेवला, आणि शहर त्याच्याकडे आले.

तिसरे, कारागिरात. मालक त्याला पगार देतो, ईदला बक्षीस देतो, अडचणीत उसने देतो, आणि समजतो की झाले. वीस वर्षे भट्टीसमोर उभा राहिलेला उस्ताद एका सकाळी गावी निघून जातो तेव्हा कळते की दुकानाची निम्मी पुंजी त्याच्या हातात होती. आपल्या व्यापाराच्या रिवाजात यावर उपाय आहे, त्याला मुदारबत म्हणतात. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात. तोटा आला तर भांडवलवाल्याचा पैसा जातो, मेहनतवाल्याची मेहनत जाते. ज्याला मुलगा गल्ल्यावर बसणार नाही असे दिसते त्याने गाळा भाड्याने देण्याआधी आपल्या उस्तादाकडे एकदा पाहावे. मुलाला हिस्सा मिळेल, उस्तादाला मान मिळेल, आणि पाटी उतरवावी लागणार नाही. अर्थात हिशेबाच्या वह्या उघड्या ठेवण्याची तयारी हवी. जो नफा दाखवत नाही त्याला भागीदार मिळत नाही.

हाजीसाहेबांच्या पहिल्या प्रश्नाचे, भट्टीचे, उत्तरही यातूनच निघते. नवी भट्टी विजेची असो की गॅसची, तिची आच ओळखायला जुनाच हात लागणार. लाकडाचा धूर जाईल, पण किती वेळाने फळी आत सारायची आणि कोणत्या रंगावर बाहेर ओढायची हे यंत्र सांगत नाही. भट्टी बदलताना उस्ताद टिकला तर चव टिकेल. दोन्ही एकदम बदलले तर नव्या नावाने दुकान काढल्यासारखेच.

परत निघण्याच्या दिवशी हाजीसाहेब पुन्हा न्यू मार्केटात गेले आणि दोन फ्रूट केक बांधून घेतले. एक घरासाठी असणार हे उघड होते. दुसरा कोणासाठी, असे मी विचारले.

"आमच्या खलीलाला," ते म्हणाले. खलीफा म्हणजे भट्टीवरचा मुख्य कारागीर, आणि त्यांचा खलीफा प्रेमाने खलील झालेला आहे. "एकवीस वर्षे माझ्या भट्टीवर आहे. केक खायला दिला की तो स्वतःच सांगेल यात काय काय आहे. मग त्याला जवळ बसवून विचारायचे आहे, नव्या भट्टीत माझ्याबरोबर भागीदार होतोस का?"

गाडीत त्यांनी वही काढली आणि हावड्यापासून खरगपूरपर्यंत आकडे मांडत बसले.